वाटपातला कांदा

शनिवारची सकाळ होती. रात्रभर कोसळून पाऊस जरा थांबला होता. मी चहाचा कप घेऊन ओटीवर आले, तर खळ्याच्या कडेला खंड्या पाय फाकवून उभा. लघवी करून झाली तरी तो तसाच उभा होता, जसं काही पुढचं पाऊल टाकायचं विसरला. आणि त्याच्या पायाशी साठलेल्या पाण्याचा रंग कोकमाच्या आगळासारखा झाला होता. गडद, तांबूस, तपकिरीकडे झुकणारा. आमच्या घरात आगळाच्या बाटल्या फडताळात रांगेनं असतात, त्यामुळे तो रंग मला इतका ओळखीचा की क्षणभर वाटलं, कुणीतरी बाटलीच फोडली.

मी हाक मारली. शेपटी हलली, पण पाय हलले नाहीत. जवळ जाऊन ओठ वर करून पाहिलं. हिरडी ओल्या नारळाच्या खोबऱ्यासारखी पांढरी.

खंड्या आमचा गावठी कुत्रा. सोळा किलो वजन, पिवळट अंग, उजव्या कानाचा शेंडा तुटका. सात वर्षांपूर्वी असाच पाऊस असताना मांगरात गवताच्या पेंढ्यांमागे सापडला होता, डोळे नुकते उघडलेले. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, कापसाची वात दुधात बुडवून त्याला चोखायला दिली आणि जगवला. घरात तो माझा नाही, मुलांचा नाही, आईंचा आहे. त्या त्याला ‘माज्या झिला’ म्हणतात, आणि त्यांच्या खऱ्या झिलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

रिक्षातून अठरा किलोमीटर गेलो. आई मागच्या सीटवर, खंड्याचं डोकं त्यांच्या मांडीवर. डॉक्टरांनी पांढरी हिरडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला आणि पहिल्यांदा म्हणाले ते अपेक्षितच होतं. गोचीड ताप. पावसाळ्यात कोकणात कुत्रा मलूल झाला, हिरड्या फिकट पडल्या, लघवी लाल झाली की डॉक्टरच्या मनात आधी गोचीडच येते. तिच्या चाव्यातून शिरलेले जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो. पण या माणसानं अंदाजावर सुई टोचली नाही, याबद्दल मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहीन. त्यांनी रक्त घेतलं, काचपट्टीवर पसरलं, वेगळा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून त्यांनी मला नाही, आईंना विचारलं,

“काकी, ह्या आठवड्यात तेका जेवणात काय घातलास?”

“आमी खातव ताच घालतव. दुसरा काय?”

“कांदो?”

आई गप्प झाल्या. मीही गप्प झाले, कारण मला वाटप आठवलं.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. वाटप म्हणजे आमच्या स्वयंपाकाचा कणा. कांदा उभा चिरून तांबूस होईपर्यंत भाजायचा, किसलेलं खोबरं भाजायचं, लसूण, आलं, थोडे धने घालायचे आणि हे सगळं गंधासारखं वाटायचं. कोंबडीला वाटप, काळ्या वाटाण्याच्या सांबाराला वाटप, काजूच्या उसळीला वाटप. त्या आठवड्यात आषाढातली अमावास्या होती. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणून रविवारी कोंबडी-वड्यांचा बेत झाला. मुंबईची मंडळी येणार होती. आईंनी किलोभर कांद्याचं वाटप केलं. पाऊस असा लागला की निम्मी मंडळी आलीच नाहीत. निम्मं वाटप फ्रीजमध्ये गेलं. सोमवारी पहाटे वीज गेली ती बुधवारी दुपारी आली. श्रावण लागलेला, घरात ते कुणी खाणार नव्हतं, आणि वास पालटायला लागला होता.

“टाकूचा कित्याक? खंड्याक घाल,” आई म्हणाल्या होत्या. आणि मग त्यांनीच सोमवारी दोन वेळा आणि मंगळवारी दोन वेळा, गरम भातात कालवून, त्याला पोटभर घातलं. तो ताटली चाटून पुसून लख्ख करत होता. मी ते पाहिलं होतं आणि मला बरंही वाटलं होतं, अन्न वाया गेलं नाही म्हणून.

अर्धा किलो कांदा, सोळा किलोचा कुत्रा. डॉक्टरांनी हिशेब कागदाच्या मागच्या बाजूला करून दाखवला. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात दखल घेण्यासारखा बिघाड होतो. आमचा आकडा तिशीच्या वर गेला होता. आणि कांदा भाजला, शिजवला, तळला, वाळवून पूड केली, तरी त्यातलं जे बाधतं ते जात नाही. पाणी तेवढं उडतं, म्हणजे उलट मूठभर भाजलेल्या कांद्यात कच्च्यापेक्षा जास्तच येतं. लसूण तर त्याहून तीव्र, आणि ती वाटपात होतीच.

घडतं ते असं. कांदा, लसूण, कांद्याची पात, हे सगळं एकाच कुळातलं. त्यांचा जो वास आपल्या डोळ्यांतून पाणी काढतो, तो गंधकाच्या संयुगांचा. कुत्र्याच्या पोटात गेल्यावर ही संयुगं तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला, सोप्या भाषेत सांगायचं तर, गंज चढवतात. गंजलेलं हिमोग्लोबिन गोळा होऊन पेशीच्या कडेला चिकटतं. रॉबर्ट हाइन्झ नावाच्या जर्मन डॉक्टरानं 1890 मध्ये असे गोळे पहिल्यांदा वर्णिले, म्हणून त्यांना हाइन्झचे कण म्हणतात. आमच्या डॉक्टरांनी मला काचपट्टीवर ते दाखवले. गोल पेशी, आणि तिच्या काठावर टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा. एक, दोन, दहा, मोजता येईनात. अशी डागाळलेली पेशी शरीर स्वतःच मोडीत काढतं, किंवा ती आपोआप फुटते. म्हणून खाल्ल्या दिवशी काही दिसत नाही. जुलाब, उलटी झाली तर झाली. खरा फटका तीन-चार-पाच दिवसांनी बसतो, तोवर घरातल्यांनी जेवण विसरलेलं असतं. सोमवारी-मंगळवारी घातलं, शनिवारी आगळ.

माणसाच्या रक्तात याला तोंड द्यायची सोय बरी आहे, कुत्र्याच्या रक्तात कमी, आणि मांजराच्या त्याहून कमी. मांजराला किलोमागे 5 ग्रॅम कांदाही पुरे होतो. कोकणात माशांच्या कालवणाचं उरलेलं मांजरीपुढे ओतत नाही असं घर मला दाखवा. मी तरी रोज ओतत होते.

आई दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. पदर तोंडाला लावून एवढंच म्हणाल्या, “मीच घातलंय. माज्याच हातान.”

मी त्यांचा हात धरला. त्या वेळी काही बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. त्यांनी सात वर्षं त्याच हातानं त्याला वाढवला. चूक हाताची नव्हती. आमच्यापैकी कुणाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत नाही, गावात नाही, पिशवीबंद खाद्य विकणाऱ्या दुकानात नाही. मी शिकलेली, मी शाळेत विज्ञान शिकवते, मला तरी कुठे ठाऊक होतं?

कांद्याच्या विषबाधेला उतारा नाही. खाल्ल्यावर पहिल्या दोनेक तासांत कळलं तर डॉक्टर उलटी काढतात, पुढचं शोषण थोपवायला औषधी कोळशाची पूड पाजतात. ती वेळ आमची कधीच गेली होती. हिमोग्लोबिन 6 वर आलं होतं, कुत्र्याचं असायला हवं 12 ते 18. सलाईन, ऊब, विश्रांती, आणि आणखी खाली गेलं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवायची तयारी. शेजारच्या वाडीतल्या एका दणकट कुत्र्याच्या मालकानं फोनवर काहीही न विचारता “कधी आणू?” म्हटलं. लागलं नाही. हाडांतला मगज नव्या पेशी करायला लागतो त्याला चार-पाच दिवस जातात, आणि ते चार-पाच दिवस खंड्यानं काढले. पडवीत पोत्यावर पडून, आईंच्या हातून चमच्यानं पेज पीत. दहाव्या दिवशी हिमोग्लोबिन 9 झालं आणि त्याच दिवशी तो पोस्टमनवर भुंकला. आई रडल्या.

त्या दहा दिवसांत रात्री झोप लागायची नाही, तेव्हा मी वाचत बसले. डॉक्टरांना विचारत राहिले. आमच्या मिसळणाच्या डब्यातलं एकेक खानं उघडून विचारलं म्हणा ना. हे चालतं का? आणि हे? आणि जे कळलं त्यानं माझा सगळा समज उलटापालटा झाला. आपण कुत्र्याला जपतो ते मसाल्यापासून, तिखटापासून, ‘मालवणी’ या शब्दापासून. बाधलं ते ज्याला आम्ही मसाला म्हणतच नाही ते. गंमत म्हणजे आमच्या मालवणी मसाल्यात कांदा नसतोच. कांदा-लसूण मसाला घाटावरचा. आमच्याकडे मिरच्या, धने, लवंग, दालचिनी, मिरी, बडीशेप, शहाजिरं, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायफळ, हळकुंड. ही पूड नुसती पाहिली तर कुत्र्याच्या दृष्टीनं तिच्यात त्रास आहे, पण आठवड्यानं रक्त मोडेल असं काही चिमूटभरात नाही. तीच पूड वाटपात गेली की मग वाटपाचा दोष.

मिरचीबद्दल आधी. लहानपणी माझ्या आजोळी म्हणायचे, कुत्र्याला तिखट घातलं की तो राखणीला कडक होतो. मी ते खरं मानायची. तिखट ही खरं तर चव नाहीच, ती आग आहे. उष्णतेची जाणीव करून देणारं जे ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारं पेशीवरचं प्रथिन, आपल्या जिभेत आणि कातडीत असतं, त्यालाच मिरचीतलं कॅप्सायसिन जाऊन चिकटतं. या ग्राहकाचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. तेच ग्राहक कुत्र्याकडेही आहे. चवीच्या कळ्या त्याला आपल्यापेक्षा खूप कमी, सुमारे सतराशे, आपल्या नऊएक हजारांपुढे. म्हणजे आमच्या रश्शातली खोबऱ्याची गोडी, तिरफळाचा वास, कोकमाचं आंबटपण, यातलं त्याला जिभेवर फार थोडं कळतं आणि आग मात्र पुरी कळते. तो कडक होत नाही, त्याचं पोट जळतं. पक्ष्यांना ही आग लागत नाही. आमच्या परसातल्या लवंगी मिरचीवर बुलबुल येऊन लाल मिरच्या खुशाल गिळतात आणि बी दूरवर टाकतात. मिरचीला तेच हवं असतं. कुत्र्याला ती नको असते आणि कुत्र्याला ती द्यायचं काही कारण नाही.

हळद, जिरं, धने, आलं, बडीशेप. चिमूटभर असतील तर यांच्यात भिण्यासारखं नाही. हळदीबद्दल मात्र थोडं थांबते, कारण मुंबईची भाची तिच्या लॅब्राडोरला हळद, मिरपूड आणि खोबरेल यांचा लगदा रोज भरवते, सांधे दुखू नयेत म्हणून. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असतं जेमतेम शेकडा तीन, आणि ते आतड्यातून सहजी रक्तात जात नाही. मिरीतल्या पायपरिनमुळे ते बरंच जास्त शोषलं जातं, हे माणसांवर करून पाहिलेलं आहे. पण जे जास्त शोषलं जातं ते औषधासारखं वागायला लागतं, आणि औषध डॉक्टरला विचारून द्यायचं असतं, विशेषतः कुत्र्याला दुसरी गोळी चालू असेल तर. शिवाय चमचा चमचा खोबरेल रोज, लठ्ठ कुत्र्याला, म्हणजे स्वादुपिंडाला सूज येण्याचं निमित्त. भाचीला मी हे फोनवर सांगितलं. तिनं ऐकलं, एवढं मोठं मन तिचं आहे.

आता जायफळ. याच्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण ते आमच्या अंगणात आहे. नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरीचे वेल लावायचं कोकणात आता चांगलं रुजलंय. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रानं नारळाच्या बागेत मसाल्याची झाडं लावायची जी पद्धत दाखवली, तिला लोक ‘लाखी बाग’ म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जायफळाच्या जाती दिल्या, दालचिनीची ‘कोकण तेज’ दिली. आमच्याकडे जायफळाची अकरा झाडं आहेत. पावसात पिवळं फळ तडकतं, आतली लाल जायपत्री दिसते, आणि बी खाली पडते. टणक, गोल, वासाची. कुत्र्याच्या दृष्टीनं तो चेंडू आहे.

बासुंदीत, पुरणात किसून टाकलेलं चिमूटभर जायफळ कुत्र्याच्या पोटात गेलं तर बहुधा पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही. पण आख्खी एक-दोन बिया चावून गिळल्या तर गोष्ट वेगळी. त्यात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. ते जास्त झालं की कुत्रा भांबावतो, नसलेल्या गोष्टी दिसल्यासारखं वागतो, तोंड सुकतं, छातीचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, पोटात कळा येतात, फार झालं तर आकडी. हे दोन दिवसही टिकू शकतं. मी हे आईंना सांगितलं तेव्हा त्यांना पटेना. “बाळगुटीत उगाळून देतव मगे? पोराक चलता, तर कुत्र्याक कित्या नाय?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “आई, तुम्ही सहाणेवर किती वेढे देता?” त्या म्हणाल्या, “एक. दोन नाय.” मग स्वतःच थांबल्या. एका वेढ्याचं माप ज्यांना माहीत आहे, त्यांना आणखी समजवावं लागत नाही. त्या दिवसापासून झाडांखाली पडलेलं जायफळ सकाळी सगळ्यात आधी त्या वेचतात, खंड्याला सोडायच्या आधी.

आणि चिंच. हे मला ठाऊक झालं तेव्हा मी खरंच हादरले. द्राक्षं आणि मनुका-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, हे पशुवैद्यांना बरीच वर्षं माहीत होतं, पण का ते उमगत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी बोट ठेवलं ते टार्टारिक आम्लावर. बेकरीत वापरतात ते क्रीम ऑफ टार्टर खाऊन एका कुत्र्याची मूत्रपिंडं तशीच निकामी झाली होती, जशी द्राक्षांनी होतात. आणि पाठोपाठ 2022 मध्ये त्यांनी चिंच खाऊन तसंच झालेल्या कुत्र्यांची नोंद छापली. चिंच टार्टारिक आम्लानं भरलेली असते, तिचा आंबटपणा त्याचाच. आमच्या घरी कालवणाला कोकम किंवा चिंच, जे हाताला लागेल ते. चिंचेचा कोळ काढून राहिलेला चोथा मागच्या दारी फेकायची आमची रीत होती, आणि मागच्या दारी कोण बसतं? आता चोथा थेट खताच्या खड्ड्यात जातो, वर माती. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेही मी हात आवरून मोजते. प्रसाद म्हणून मुलं द्रोणातला अर्धा शिरा खंड्यापुढे धरायची, आणि त्याला नाही म्हणायला जीव होत नसे. अजून होत नाही. म्हणून त्याचा प्रसाद बेदाण्यांशिवाय वेगळा काढायचा, असं ठरलं.

दालचिनीची चिमूट चालते, तिचं तेल नाही. लवंगेचंही तेच. कोणतंही अर्काचं तेल कुत्र्याला चाटवू नये, हे एकदा लक्षात ठेवलं की एकेक नाव पाठ करायची गरज राहत नाही.

मीठही मसाल्याच्याच फळीवर असतं, म्हणून त्याचंही सांगते. खारा बांगडा, सुकट, सुके बोंबील खळ्यात वाळत घातलेले असतात आणि कुत्रा राखणीला, म्हणजे चोरीच्या वाटेवर बसलेला असतो. शरीराच्या दर किलोमागे दोन-तीन ग्रॅम मीठ एकदम गेलं की कुत्र्याला उलट्या, तोल जाणं, थरथर, आकडी इथपर्यंत जाऊ शकतं. एखाद्या खाऱ्या बांगड्यानं तेवढं होत नाही, समोर भरपूर पाणी असेल तर नाहीच. मला जास्त काळजी वाटते ती तारकर्लीच्या किनाऱ्यावर सुट्टीत आणलेल्या शहरी कुत्र्यांची. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. चेंडू आणायला लाटेत शिरणारा, तोंडानं पाणी घेत राहणारा, उन्हात तहानलेला कुत्रा. खंड्याएवढा असेल तर लिटरभर पाणी त्याला पुरे होईल. माणसं स्वतःसाठी शहाळं फोडून घेतात. कुत्र्यासाठी गोड्या पाण्याची बाटली आणि वाटी सोबत हवीच हवी.

एक गोष्ट मात्र मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. खंड्या बरा होऊन पंधरा दिवस झाले असतील, एक शेजारी ओटीवर आले आणि आपुलकीनं म्हणाले, “लसूण घाल गो तेका वाईच. गोचडी पळतत.” हा उपाय मी इतक्या तोंडून ऐकला आहे. पाकळ्या भाकरीत लपवून रोज एक. रोजची एक पाकळी कुत्र्याला त्या दिवशी पाडत नाही, पण तांबडी पेशी जगते शंभर-एकशेवीस दिवस, आणि रोज थोड्या थोड्या पेशी डागाळत राहिल्या तर कुत्रा ‘म्हातारा झाला’, ‘उन्हानं मलूल झाला’ असं म्हणत आपण बघत राहतो. गोचडी घालवायला डॉक्टर मानेवर टाकायचं औषध देतात, चघळायची गोळी देतात, ते वापरावं. हे मी त्या शेजाऱ्यांना हात जोडून सांगितलं. ते रागावले नाहीत. “माका ठावकच नाय,” म्हणाले आणि घरी गेले. त्यांच्या घरी दोन कुत्रे आहेत.

आमच्याबरोबर राहून कुत्रा बदलला, हे तर खरंच आहे. 2013 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी लांडग्याची आणि कुत्र्याची जनुकं ताडून पाहिली. पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणसाच्या शेताच्या, चुलीच्या कडेला राहता राहता तो भात-भाकरी खायला शिकला, नुसता सवयीनं नाही, रक्तामांसानं. मला हे वाचून फार भरून आलं. आमच्यासाठी त्यानं स्वतःचं पोट बदललं. म्हणूनच आईंना वाटत आलं की आम्ही खातो ते त्याला चालतं. भात चालतो. पेज चालते. कांद्यापर्यंत त्याचं शरीर आलेलं नाही.

आता खंड्याचं जेवण कसं, हे बऱ्याच जणी विचारतात. फार काही नाही. फोडणी पडायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढायचा. वरण शिजलं, हिंग-लसणीची फोडणी द्यायच्या आधी त्याची वाटी. मासे साफ करताना पेडवे, तारले वेगळे उकडायचे, काटे काढायचे, चिमूटभर हळद, मीठ नाही. भात. लाल भोपळ्याची फोड. कधी अंडं. कोंबडीचा उकडलेला तुकडा, पण शिजलेलं हाड नाही, ते तडकून आतड्याला टोचतं. सोलकढीत लसूण असते, म्हणून सोलकढी नाही. हे सांगताना मला सगळ्यात वाईट वाटलं, ती त्याची फार आवडती.

गणपती गेले, पितृपक्ष लागला. आमच्याकडे म्हाळाच्या दिवशी कांदा-लसूण घरात आणतही नाहीत. गाईचा घास, कावळ्याचा घास, कुत्र्याचा घास. पान वाढता वाढता मला एकदम जाणवलं, की पितरांच्या नावानं कुत्र्यापुढे ठेवायचं जे अन्न, त्यात कांदा-लसूण आधीपासूनच नाही. तो नियम कुत्र्याच्या रक्तासाठी केलेला नाही, हे मला माहीत आहे, आणि पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. तरी त्या पानाकडे बघताना बरं वाटलं.

आईंनी खंड्यासाठी वडा ठेवला, भात ठेवला, वर साधं वरण. मग खिरीचं पातेलं पुढे ओढलं, वाटीत थोडी खीर घेतली आणि दोन बोटांनी त्यातले बेदाणे शोधून काढायला बसल्या. एक, दोन, चार. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून मला म्हणाल्या, “बघ गो, ऱ्हवलो काय एखादो?” मी पाहिलं. एक तळाशी होता. खिरीत जायफळही होतं, किसणीच्या एका फेऱ्याएवढं, म्हणून आम्ही दोघींनी विचार करून मग वाटीच मागे घेतली. खंड्याला त्याच्या घासावर दुधाची साय मिळाली.

कावळ्यानं पानाला शिवायच्या आधी त्यानं आपलं पान संपवलं होतं. रात्री निजायच्या आधी आई विजेरी घेऊन ओटीवर गेल्या. हे आता रोजचं आहे. त्या खाली वाकतात, गुडघे दुखतात तरी वाकतात, अंगठ्यानं त्याचा वरचा ओठ उचलतात, हिरडीवर उजेड पाडतात, बोटानं दाबून सोडतात. पांढरा पडलेला ठिपका पुन्हा गुलाबी होईपर्यंत थांबतात. तो गुमान बसतो.

“लाल आसा,” त्या आतल्या खोलीत आम्हांला ऐकू जाईल असं म्हणतात, आणि मग विजेरी बंद होते.